अर्धी पट्टी खाली

माझी ओळख करून देताना लोक नेहमी घोळ घालतात. कोणी म्हणतं, हे बँडमध्ये असतात. कोणी म्हणतं, हे बँडबरोबर असतात. एका वार्ताहर बाईंनी तर 'सामान बघणारे गृहस्थ' असं छापून टाकलं होतं आणि त्या दिवशी मी कोणाशी धड बोललो नाही. मी सामान बघत नाही. मी तारा बघतो. 'रातपाळी' या बँडच्या सगळ्या गिटारींच्या तारा गेली अडतीस वर्षं मी चढवतो, सुरात मिळवतो, आणि एखादी तुटलीच तर कडवं संपायच्या आत दुसरी गिटार हातात देतो. बँडमध्ये मला तारवाला म्हणतात. तारवाल्याचा हात कधी चुकला नाही, असं आमचा गायक चारचौघांत छातीठोकपणे सांगायचा.

त्याच्या त्या छातीठोकपणानेच घात केला. नाही, तसं म्हणायला नको. घात मी केला. तो बिचारा माझ्यावर विश्वास टाकून मोकळा झाला होता.

गायकाला आम्ही भोंगा म्हणतो. का म्हणतो ते सांगायला अडतीस वर्षं मागे जावं लागेल. तेव्हा आम्ही बाटल्यांच्या एका कारखान्यात तालमी करायचो. ड्रम वाजवणाऱ्याचे, म्हणजे धोपटचे, वडील तिथे पहारेकरी होते. त्यांनी रिकाम्या खोक्यांची शेड आम्हाला वापरायला दिली होती. शेडच्या एका भिंतीला छतापर्यंत बाटल्या रचलेल्या असत. बास वाजवणारा मौनी एका ठरावीक स्वरावर आला की त्यातल्या निम्म्या बाटल्या गुणगुणायला लागायच्या. मौनी स्वतः दिवसाकाठी चार वाक्यं बोलायचा, त्यामुळे त्याच्या वतीने बाटल्या बोलतात असं आम्ही म्हणायचो. कीबोर्डवर पेटीवाला होता. तो तेव्हाही टापटीप होता आणि आजही खोकताना रुमाल काढतो.

सूर मिळवायचं यंत्र तेव्हा आमच्यापैकी कोणी डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. पण कारखान्याला भोंगा होता. पाळी बदलली की तो वीस सेकंद वाजायचा, सकाळी सहाला, दुपारी दोनला, रात्री दहाला. रोज, वर्षानुवर्षं, त्याच एका स्वरात. मी गिटारीची मधली तार त्या भोंग्याला मिळवायचो आणि मग बाकीच्या तिच्यावरून. दोनचे ते वीस सेकंद हुकले तर दहापर्यंत बेसूर बसायचं. माझा हात जो तयार झाला तो त्या वीस सेकंदांत. मी खाली मान घालून तार पिळत असायचो आणि आमचा गायक शेडच्या दारात उभा राहून, भोंग्याच्या सुरात सूर लावायचा. भोंगा थांबायचा, हा थांबायचा नाही. फाटकातून बाहेर पडणारे कामगार माना वळवून बघायचे की कारखान्याचं आज काय बिघडलं. एकदा व्यवस्थापक स्वतः धावत आले होते. तेव्हापासून त्याचं नाव भोंगा पडलं, आणि त्यातूनच आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं झालं. त्याची सुरुवातच त्या लांबलचक सुराने होते. लोक त्याला भोंग्याचं गाणं म्हणतात.

पुढे आम्ही गावोगाव फिरलो. किती गावं, ते विचारू नका. मला गावं त्यांच्या प्लगांवरून आठवतात. एका ठिकाणी पिना जाड, एका ठिकाणी तिरप्या, एका ठिकाणी प्लगच नाही, नुसत्या दोन वायरी भिंतीतून आपल्याकडे बघताहेत. बालवाडीच्या वर्गात आम्ही कपडे बदललेत, वीतभर उंचीच्या खुर्च्यांवर बसून. जनावरांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातही बदललेत, आणि तिथे पेटीवाल्याचा रुमाल एका बोकडाने खाल्ला. गाडीत प्रत्येकाची जागा ठरलेली होती. मौनी खिडकीशी बसायचा आणि काच किती उघडी ठेवायची यावरून त्याचं आणि धोपटचं भांडण सलग दोन वर्षं चाललं. दोघांचीही बाजू मला पाठ होती. मधूनच कोणीतरी उकडलेली अंडी सोलायचं, मीठ कुठे आहे यावर सगळी गाडी शोधायला लागायची, आणि ते मीठ दर वेळी माझ्या तारांच्या डब्यात सापडायचं. ते दिवस परत मिळणार असतील तर मी त्या वीतभर खुर्चीवर आजही आनंदाने बसेन, गुडघ्यांनी परवानगी दिली तर.

भोंग्याची पोरगी त्याच गाडीत लहानाची मोठी झाली. वहिनींना सुट्टी मिळाली की दोघी यायच्या. चार वर्षांची असताना ती मोठ्या ड्रमच्या पेटीत घोंगडी घालून झोपायची. सहाव्या वर्षी एका ट्रकने मागून हॉर्न दिला तर म्हणाली, "काका, ही तुमची दुसरी तार." मी गिटार काढून तार छेडली. तंतोतंत. गाडीत सगळे टाळ्या वाजवत होते आणि भोंग्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तारा चढवायला, वायर वेटोळी करून ठेवायला तिला मी शिकवलं. सूर मात्र तिला कोणी शिकवला नाही. तो तिच्या कानात आधीच होता.

आता माझ्या कर्माची गोष्ट. बारा वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात भोंग्याचा तो पहिलाच लांब सूर फाटला. लोकांनी सांभाळून घेतलं, पण हा गाणी संपल्यावर खोलीचं दार लावून बसला. दाराबाहेर आम्ही चौघं. आतून म्हणाला, "संपलं. उद्यापासून मी गाणार नाही." दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी कार्यक्रम होता. सकाळी मौनी माझ्याकडे आला आणि त्याने आपल्या दिवसाच्या चार वाक्यांपैकी एक खर्च केलं. "उद्यापुरतं... म्हणजे आजच्यापुरतं, अर्धी पट्टी खाली घे."

पट्टी म्हणजे गाण्याचा मूळ स्वर जिथे धरायचा ती जागा. सगळ्या गिटारी मी अर्धी पट्टी उतरवल्या. पेटीवाल्याने कीबोर्डवरचं एक बटण दाबलं, त्याचं काम झालं. भोंग्याला काही सांगितलं नाही. त्या दिवशी तो असा गायला की पडद्यामागे मी एकटा रडलो. खाली उतरला, माझ्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, "बघितलंस? घसा आहे तसा आहे. कोमट पाणी पीत राहायचं."

आता या माणसाला कोण सांगणार? उद्या सांगू, परवा सांगू, दौरा संपल्यावर सांगू असं करता करता दोन वर्षं गेली आणि आणखी अर्धी पट्टी उतरवायची वेळ आली. तारा सैल पडू नयेत, त्याच्या बोटांना फरक कळू नये म्हणून मी एक नंबर जाड तारा लावायला लागलो. त्याच्या घरच्या गिटारीही मीच मिळवायचो, तेव्हा तिथेही तेच. जुन्या रेकॉर्ड तो कधी ऐकत नसे, शिळं आहे म्हणायचा. मुलाखतींमध्ये लोक विचारायचे, या वयात हा आवाज कसा टिकवला, आणि हा कोमट पाण्यावर दहा मिनिटं बोलायचा. आम्ही मागे बसून बुटांकडे बघायचो. डोळ्यांवर बांधतात तीही पट्टीच असते, हे मला तेव्हा सुचलं नाही. उलट आपण मित्राला जपतोय याचा मला अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

नऊ वर्षांपूर्वी पोरगी बँडमध्ये यायची ठरली. बावीस वर्षांची होती. दुसरा कीबोर्ड आणि मागून गाणं. पहिल्या तालमीला ती स्वतःचा कीबोर्ड घेऊन आली. तो कोणी उतरवलेला नव्हता. भोंग्याने गिटारीवर सुरुवात केली, तिने दोन स्वर वाजवले आणि थांबली.

"बाबा, तुमची गिटार खाली आहे. पूर्ण एक पट्टी."

भोंगा हसला. "तारवाल्या, बघ रे. पोरगी तुझी परीक्षा घेतेय."

गिटार माझ्या हातात आली. मी तारा छेडल्या, यंत्राकडे बघितल्यासारखं केलं आणि म्हणालो, "बरोबर आहे."

दोन शब्द. आयुष्यात मी पुष्कळ बोललो असेन, पण लक्षात राहिले ते हे दोन.

"काका?" ती म्हणाली. मी वायर गुंडाळायला लागलो. ती पुन्हा म्हणाली, "बाबा, मी शपथेवर सांगते, गिटार खाली आहे." आणि मग भोंगा चिडला. एकोणतीस वर्षं ज्याचा हात चुकला नाही त्याच्यावर शंका घेतेस, म्हणाला. ज्याला सूर कळत नाही त्याला माझ्या बँडमध्ये जागा नाही, मग ती माझी मुलगी का असेना. "आधी कान तपासून घे," म्हणाला. सगळ्यांसमोर.

तिने कीबोर्डची वायर काढली, मी शिकवली होती तशीच नीट वेटोळी केली आणि गेली. कान तिने खरंच तपासून घेतले. अहवालात काहीही खोट नव्हती. वहिनींनी तो भोंग्यासमोर ठेवला तर तो म्हणाला, "यंत्राला काय कळतंय सुरातलं." त्यानंतर पोरीने गाणंबिणं सोडून तेच शिकायला घेतलं, आणि आता ती लोकांचे कान तपासते. वहिनी दर रविवारी तिच्याकडे जातात. भोंगा त्यांना सोडायला जातो आणि त्या खाली येईपर्यंत गाडीत बसून राहतो. नऊ वर्षं. तिनेही कधी वर बोलावलं नाही, तोही कधी गेला नाही. आणि मी, ज्याने एका वाक्यात हे मिटवलं असतं, तो पाच वर्षांपूर्वी आणखी अर्धी पट्टी उतरवून मोकळा झालो. एकूण दीड.

यंदा बँडने थांबायचं ठरवलं. धोपटच्या खांद्याने राजीनामा दिला, ते एक कारण पुरलं. शेवटचा कार्यक्रम कुठे, तर त्याच कारखान्यात. बाटल्या बंद होऊन कित्येक वर्षं झाली होती, आता तिथे नाटकं-गाणी होतात. तिथल्या हौशी मंडळींनी आमच्यासाठी एक बेत आखला होता. जुना भोंगा त्यांनी दुरुस्त करून घेतला होता. कार्यक्रमाची सुरुवात तो वाजवून करायची आणि गायकाने त्याच सुरात सूर लावायचा, अगदी पहिल्यासारखं. हे ऐकून भोंगा लहान मुलासारखा खूष झाला. मी पुन्हा बुटांकडे बघायला लागलो.

कारण तारा मी उतरवू शकतो. कारखान्याचा भोंगा कसा उतरवणार?

आम्ही चौघांनी धोपटच्या स्वयंपाकघरात बैठक घेतली. पेटीवाला म्हणाला, त्या दिवशी वीज गेली तर? मौनी म्हणाला, "बिघडवून टाक." सांगायला लाज वाटते, पण मी गेलो. कार्यक्रमाच्या आधीच्या मंगळवारी दुपारी, बघून येतो असं सांगून मी शिडीने छपरावर चढलो, पाना काढला आणि भोंग्याच्या झाकणाचे दोन स्क्रू सैलही केले. चौसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे वाजताहेत, टोपी वाऱ्याने उडाली आहे, आणि एक खोटं झाकायला कारखान्याचा भोंगा पिळायला निघालाय. मला माझंच हसू आलं आणि मग ते हसू राहिना. ज्या भोंग्याने मला सूर शिकवला त्याचाच गळा मी धरला होता. मी स्क्रू पुन्हा घट्ट केले, खाली उतरलो आणि तडक पोरीच्या दवाखान्यात गेलो.

तिथे गेल्यावर मात्र धीर सुटला. स्वागताला बसलेल्या बाईंनी विचारलं, कशासाठी? मी म्हणालो, कान तपासायचे आहेत. त्यामुळे खरोखरच मला एका छोट्या खोलीत बसवलं. कपाटाएवढी खोली, चारही बाजूंना मऊ अस्तर, एक जाड काच आणि काचेपलीकडे ती. कानांवर हेडफोन, हातात एक बटण. केसांत एकदोन पांढरे दिसत होते. मला बघून ती चपापली, पण म्हणाली एवढंच, "आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, काका. अगदी बारीक असला तरी."

बारीक टिकटिक सुरू झाली. त्या खोलीत स्वतःचा श्वासही परक्याचा वाटतो. मी दोनतीनदा बटण दाबलं, आणि मग ते मांडीवर ठेवून बोलायला लागलो. तिला सगळं ऐकू जात होतं. अर्धी पट्टी कधी, एक कधी, दीड कधी, जाड तारा, पेटीवाल्याचं बटण. आणि शेवटी, "त्या दिवशी तू बरोबर होतीस. मला माहीत होतं."

काचेपलीकडे तिने टिकटिक बंद केली. मग तिचा आवाज हेडफोनमध्ये आला.

"वर्षभर मी रोज स्वतःचे कान तपासायचे, काका. याच यंत्रावर. सगळे गेल्यावर. दर वेळी बरोबर यायचे, आणि दर वेळी मला वाटायचं, यंत्र चुकतंय."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "बाबांना माहीत आहे?"

"नाही."

"मग मला सांगून काय उपयोग? तेव्हा सगळ्यांसमोर झालं होतं. सगळ्यांसमोरच सांगा."

निघताना तिने माझा अहवाल हातात दिला. ती चिडलेली होती, पण काम काम असतं. "उजव्या कानाचे वरचे स्वर गेलेत तुमचे. डाव्याचेही कमी झालेत."

"तुझ्या यंत्राला काय..." एवढं बोललो आणि जीभ चावली.

शनिवारी दुपारी कारखान्यात आवाजाची चाचणी होती. बाटल्यांची भिंत आता नव्हती, तिथे खुर्च्या होत्या. भोंग्याने आपली लाकडी गिटार गळ्यात अडकवली, दारात, त्याच्या जुन्या जागी, जाऊन उभा राहिला आणि दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांना म्हणाला, "वाजवा."

भोंगा वाजला. अंगावर काटा आला. तोच सूर, तसाच, काहीही न विसरलेला. आणि भोंग्याने, आमच्या भोंग्याने, गिटार छेडून आपला सूर लावला. दोन मांजरं एका पिंपात पडावीत तसा आवाज झाला. वीस सेकंद फार मोठे असतात.

"चढलाय हा," तो दुरुस्तीवाल्यांना म्हणाला. "तुम्ही काहीतरी बिघडवलंत."

"नाही हो. मोटर तीच, पाती तीच. आम्ही फक्त गंज काढला."

"अडतीस वर्षं मी हा सूर लावतोय. तारवाल्या, सांग यांना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मौनीने डोळे मिटून घेतले.

"भोंगा बरोबर आहे," मी म्हणालो. "आपण खाली आहोत. दीड पट्टी."

तो हसला. मग माझ्याकडे नीट बघून हसायचा थांबला. "कधीपासून?"

"बारा वर्षं झाली. आधी अर्धी, मग एक, मग दीड. तुझा सूर लागत नव्हता."

"कोणाकोणाला माहीत होतं?"

मौनीने शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. पेटीवाल्याने रुमाल काढला. धोपट म्हणाला, "मला सुरातलं कळत नाही. पण माहीत होतं."

मला वाटलं, आता आवाजाबद्दल बोलेल. शिव्या देईल, कोमट पाण्याचा हिशेब मागेल. त्याने विचारलं ते वेगळंच.

"पोरगी आली होती तेव्हा किती होती?"

"एक."

"ती किती म्हणाली होती?"

"एक."

तो वळला. गिटार गळ्यात तशीच ठेवून दारातून बाहेर पडला आणि फाटकाकडे चालायला लागला. मागून पेटीवाला मला म्हणाला, "आजच सांगायची काय गरज होती? संध्याकाळी कार्यक्रम आहे." मी त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. तारांचा डबा उचलला आणि गाडी काढली. तो कुठे गेला असेल हे मला विचारायची गरज नव्हती.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत तो बसला होता. एका बाजूला कानात कापूस घातलेले आजोबा, दुसऱ्या बाजूला तान्हं मूल घेतलेली बाई, मध्ये हा, दोन गुडघ्यांत गिटार, हातात नंबरचं कार्ड. अकरा नंबर. पुढे चार जण होते. मी समोर बसलो. आजोबा उठून आत गेल्यावर त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

"मला वाटायचं, वयाबरोबर घसा सुधारतोय," तो हळूच म्हणाला.

"माफ कर मला."

"नऊ वर्षं त्या गाडीत खाली बसून काढली मी. वर तिच्या खिडकीत दिवा दिसायचा. काच खाली करून बसायचो, काही वाजवते का ऐकायला. कधी वाजवलं नाही." तो थांबला. "तुला मी नंतर बघतो."

"बघ," मी म्हणालो. "मी कुठे जात नाही."

अकरा नंबर पुकारला तेव्हा तो उठला आणि मलाही हाताने ओढलं. ती दारातच होती. बापलेक एकमेकांकडे बघत उभे राहिले. नऊ वर्षांत तो किती वाकलाय हे मला त्या क्षणी, तिच्या नजरेतून, पहिल्यांदा दिसलं.

त्याने गळ्यातली गिटार काढून तिच्यापुढे धरली. "ही उतरलीय. मिळवून दे."

"बाबा, इथे कान तपासतात."

"माहीत आहे. तपासला. माझाच खराब निघाला."

मग तिने गिटार घेतली आणि त्या कपाटाएवढ्या खोलीत गेली, कारण बाहेर तान्हं मूल रडत होतं. आम्ही दोघेही आत घुसलो. तिघांचे गुडघे एकमेकांना टेकत होते. तिने पहिली खुंटी पिळायला घेतली तसा मी म्हणालो, "थांब. जाड तारा आहेत. एवढ्या वर नेल्यास तर तुटतील." डब्याच्या तळातून मी पातळ तारांचं पाकीट काढलं. बारा वर्षांपूर्वीचं, न उघडलेलं. ते मी का जपलं होतं, मला सांगता येणार नाही. मी सवयीने गिटारीकडे हात नेला, तर भोंग्याने माझा हात धरून खाली ठेवला. धरलेलाच ठेवला.

जुन्या तारा तिने उतरवल्या, नव्या एकेक चढवल्या, मी शिकवलं होतं तसं टोक दोनदा वळवून. हात विसरले नव्हते. सूर मिळवायचं यंत्र माझ्या डब्यात वरच होतं, तिने त्याला हातही लावला नाही. मान किंचित तिरकी करून ती तार छेडायची, ऐकायची, वर न्यायची. अडतीस वर्षांत मी पहिल्यांदाच गिटार मिळवली जाताना नुसता बसून होतो. एवढ्या वरच्या सुरात संध्याकाळी याचा आवाज फाटणार हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मधली तार लागली तेव्हा मला दुपारचे दोन वाजल्यासारखं वाटलं.

शेवटची सगळ्यात बारीक तार छेडून ती थांबली. सवयीने, लहानपणी विचारायची तसं तिने बापाकडे बघून विचारलं, "बरोबर आहे?"

"मला काय विचारतेस?" भोंगा म्हणाला. "कान तुझा आहे."

तिने तार पुन्हा छेडली, ऐकली आणि खुंटी अगदी केसभर वर फिरवली. माझ्या कानाला ती आधीच बरोबर वाटली होती.